एक पेला आत, तीन पेले बाहेर

आमच्या घरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न ‘झोप लागली का’ हा नसतो. ‘बादली लावली का?’ हा असतो. लावली असेल तर ‘भरली का?’, भरली असेल तर ‘मग बदलायची कुणी?’. आणि तोवर ती ओसंडून वाहिली असेल तर कुणी काहीच विचारत नाही, सगळे नुसते माझ्याकडे बघतात. कारण पिण्याचं पाणी शुद्ध करायचं यंत्र घरात आणायची अक्कल माझी.

आणण्यापूर्वी माझी समजूत अशी होती, की यंत्रात एकीकडून घाण पाणी घालायचं आणि दुसरीकडून स्वच्छ पाणी घ्यायचं. हे निम्मं खरं आहे. निम्मंही नाही, पाव. साधारण चार पेले पाणी आत गेलं की त्यातला एक पेला पिण्याजोगा होऊन टाकीत पडतो आणि उरलेले तीन एका बारीक नळीतून बाहेर जातात. ही गोष्ट यंत्र बसवणाऱ्या मुलाने निघताना, एक पाय बुटात घालता घालता सांगितली. “काका, ती रिजेक्टची नळी आहे. मोरीत सोडा, नाही तर बादलीत.”

आईने सगळं ऐकलं होतं. “चारातलं एक घ्यायचं आणि तीन टाकायचं. लहानपणी ताटावर बसलास की तूही हेच करायचास,” ती म्हणाली.

आता पाणी वाया घालवणारा माणूस अशी ख्याती होऊ नये म्हणून मी बादली लावली. त्या बादलीने लादी पुसली, संडासात पाणी ओतलं, पायपुसणी धुतली. दुसऱ्या बादलीने परत लादी पुसली. चौथ्या दिवशी लादी इतकी स्वच्छ झाली की घरात चालताना सगळे भिंतीला धरून चालायला लागले. पाणी मात्र येतच होतं. हे तीन पेले का टाकावे लागतात, असं बायकोने विचारलं तेव्हा मी यंत्राचं माहितीपत्रक वाचून तयार होतो. पाणी गाळल्यावर मागे राहिलेले क्षार धुऊन बाहेर काढले नाहीत तर ते यंत्रातल्या पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यावर साचतात आणि पडदा बुजतो. म्हणजे ते तीन पेले वाया जात नाहीत, ते पडद्याची आंघोळ असते. बायको म्हणाली, “अहो, पण मग दिवसभर आंघोळ?”

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला विज्ञान सांगायची हौस. शाळेत परासरण शिकलो होतो: मध्ये पातळ पडदा, एका बाजूला साधं पाणी, दुसऱ्या बाजूला खारट, तर साधं पाणी आपण होऊन खारटाकडे जातं. पाण्याचा स्वभावच तो, निर्मळाने मळलेल्याकडे धावायचं. हे यंत्र त्याच पाण्याला मानगूट धरून उलट चालवतं. खारट बाजूला पंपाने दाब द्यायचा, की पाणी पडद्यापलीकडे जातं आणि क्षार अलीकडे राहतात. असा उपयोगी पडदा १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सूरिराजन या दोघांनी बनवला. हे सांगून मी थांबायला हवं होतं. पण ओघात मी म्हणालो, की परासरण सगळ्यात आधी पाहिलं ते १७४८ साली नोले नावाच्या एका फ्रेंच पाद्र्याने, डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून.

आईने हातातला पेला खाली ठेवला.

आपल्या यंत्रातला पडदा पॉलिअमाइड नावाच्या कृत्रिम पदार्थाचा आहे, त्याचा कुठल्याही प्राण्याशी संबंध नाही, हे तिला पटवण्यात एक आठवडा गेला. त्या आठवड्यात शुद्ध पाणी मी एकट्याने प्यायलो.

यंत्राबरोबर एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं मीटर, आलं होतं. पेनाएवढी वस्तू, पाण्यात बुडवली की आकडा दाखवते. घरातल्या शांततेला ज्या ज्या गोष्टींनी सुरुंग लावला त्यात मी या पेनाला यंत्राच्याही वर ठेवतो. मी नळाचं पाणी मोजलं, टाकीतलं मोजलं, रिजेक्टचं मोजलं, पावसाचं वाटीत धरून मोजलं. मग मीटर खिशात घेऊन हिंडायला लागलो. एका मित्राकडे गेलो असता त्याने प्यायला पाणी दिलं आणि तो आत वळताच मी पेन बुडवलं. आकडा आला ४२०. मी तो मोठ्याने वाचला. आपल्या भाषेत तो आकडा कुणाच्या घरात बसून मोठ्याने वाचू नये हे मला उशिरा कळलं. ती मैत्री अजून फिल्टर होतेय.

बरं, या मीटरला कळतं काय? तर पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच. त्यावरून ते विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतं. पाण्यात जंतू आहेत का, कीटकनाशक आहे का, यातलं त्याला काही कळत नाही. म्हणजे आकडा कमी म्हणून पाणी सुरक्षित, असं मुळीच नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की लिटरला साधारण ६०० मिलिग्रॅमच्या आत क्षार असतील तर पाण्याची चव चांगलीच मानली जाते. हे मी घरात वाचून दाखवलं. बायकोने शांतपणे विचारलं, “आपल्या नळाचं किती होतं हो?”

३४० होतं. मी विषय बदलला.

त्यातच मला रोज मोजायची सवय लागली. टाकीत पडणारं पाणी एरवी ३५ दाखवायचं. एके दिवशी भल्या पहाटे यंत्र सुरू झाल्या झाल्या पहिल्या धारेत पेन धरलं तर १२०! मी अंथरुणातून सगळ्यांना उठवलं. पडदा फाटला, असं मी जाहीर केलं. मुलगा डोळे चोळत आला, त्याने पुन्हा मोजलं, ४०. पाच मिनिटांनी ३५. यंत्र रात्रभर बंद असलं की पंपाचा दाब नसतो, आणि तेवढ्यात थोडे क्षार हळूहळू पडद्यातून पलीकडे सरकतात, म्हणून पहिली धार जड येते. हे मला नंतर कळलं. त्या पहाटे एवढंच कळलं, की पाण्यापेक्षा घरातल्या माणसांचं तापमान मोजणं जास्त गरजेचं आहे. मीटर त्या दिवसापासून सापडत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, “कुठलं पेन?”

वर्ष झालं. फिल्टर बदलायची वेळ आली. गाळ अडवणारा फिल्टर आणि कार्बनचा फिल्टर हे दोघे पडद्याचे पहारेकरी. त्यातल्या कार्बनला फार जपावं लागतं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तो शोषतो, आणि ते क्लोरीन थेट पडद्यापर्यंत गेलं तर पडद्याचं मातेरं होतं. बायको म्हणाली, त्या मुलाला बोलवा. पण पहिल्या वेळी तो काम करत असताना मी स्टुलावर बसून सगळं पाहिलं होतं. चाळीस मिनिटांचं काम. यात काय आहे?

यात काय आहे ते सांगतो. पाव इंची नळ्या आहेत, बऱ्याचशा पांढऱ्या, सगळ्या एकसारख्या. प्रत्येक नळी एका कोपऱ्याच्या जोडात घुसवलेली, आणि निघू नये म्हणून तिथे नखाएवढी निळी क्लिप. नळी काढायची तर आधी क्लिप काढायची, मग जोडाचं तोंड एका हाताने आत दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने जोड धरायचा आणि नळी ओढायची तिसऱ्या हाताने. शिवाय मी नळाचा कॉक बंद केला होता, पण नळ्यांमधला दाब सोडला नव्हता. पहिली नळी सुटली ती थेट माझ्या चष्म्यावर. दुसरीने छत भिजवलं. मुलगा लांबून म्हणाला, “बाबा, याचा टीडीएस किती असेल?”

फिल्टरची भांडी उघडायला पाना होता, तो बोटाला लागला. टेफ्लॉन टेप आट्यांवर उलटी गुंडाळली, ती जोड फिरवताच सुटून लोंबायला लागली. नवा कार्बन लावला तर पहिलं पाणी काळंकुट्ट आलं. नव्या कार्बनची भुकटी आधी धुऊन काढायची असते, हे माहितीपत्रकात होतं, पण माहितीपत्रक ओलं होऊन भिंतीला चिकटलं होतं. आई डोकावून गेली. “काळ्या पाण्याची शिक्षा झाली म्हणायची,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. जवळजवळ सगळं. ओट्यावर एक बोटभर लांबीची पांढरी काडी उरली होती. दोन्ही टोकांना भोक, वर आकडा ४५०. जुन्या फिल्टरचा काही तरी अवशेष असावा असं मी ठरवलं. शिवाय ४५० हा टीडीएस असेल तर तो यंत्राच्या बाहेर राहिलेलाच बरा.

बटण दाबलं. पंप चालू झाला, आणि काय सांगू, आवाज निम्मा! इतके दिवस घुमणारा पंप आता मांजरीसारखा गुरगुरत होता. मी सगळ्यांना बोलावून ऐकवलं. म्हटलं, जाणत्या माणसाचा हात लागला की असं होतं. बादली दहा मिनिटांत भरली. दुसरी लावली. तिसरी लावली. रात्रीपर्यंत टब, पातेली, कढया, सगळं काठोकाठ भरलं, आणि पिण्याच्या टाकीत मोजून एक थेंबही नाही. मी म्हटलं, नवा फिल्टर आहे, रुळायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली, “अहो, घरात प्यायचं सोडून बाकी सगळ्याला पाणी आहे. आता फोन करा.”

तोच मुलगा आला. यंत्राचं झाकण उघडून त्याने रिजेक्टच्या नळीवरून बोट फिरवलं आणि मान वर केली. “काका, इथे एक पांढरी काडी असते. एफआर. फ्लो रिस्ट्रिक्टर.”

काडीचं काम त्याने समजावून सांगितलं. ती रिजेक्टची वाट अरुंद करते, मिनिटाला फक्त ४५० मिलिलिटर बाहेर सोडते. म्हणून मागे दाब तयार होतो आणि तो दाबच पाण्याला पडद्यातून ढकलतो. काडी नसली तर पाण्याला मोकळा रस्ता. मग ते पडद्याच्या वाटेला जाईलच कशाला? पंपाला काही ओढायचंच नव्हतं, म्हणून तर आवाज कमी. थोडक्यात, आलेलं सगळंच्या सगळं पाणी न चुकता टाकून देणारं यंत्र मी बनवलं होतं.

आता ती काडी कुठे ठेवली ते मला आठवेना. खिसे पाहिले, ड्रॉवर पाहिला, कचऱ्याची टोपली उलटी केली. आई शांतपणे उठून आत गेली आणि आपली बटणांची डबी घेऊन आली. बटणं, हुक, एक जुनी किल्ली, आणि त्यात काडी. टीडीएस मीटरही होतं. ते तिने पटकन बटणांखाली ढकललं. मी न पाहिल्यासारखं केलं.

मुलाने काडी बसवली. मिनिटभराचं काम. पंप पुन्हा पूर्वीसारखा कण्हायला लागला, आणि थोड्या वेळाने टाकीत पहिला थेंब पडल्याचा आवाज आला. आम्ही चौघंही टाकीपाशी कान लावून उभे होतो. मुलगा हत्यारं पिशवीत भरून गेला. जाताना म्हणाला, “काका, पुढच्या वेळी उघडायच्या आधी फोन करा.”

दार लावून मी ओटा पुसायला घेतला. कोपऱ्यात एक निळी क्लिप पडलेली होती. यंत्राकडे पाहिलं, गळत तर काही नव्हतं. बायकोने क्लिपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फोन उचलला, परत ठेवला.

आईने डबीचं झाकण उघडून पुढे केलं.