खुलासा : मांजर अंथरुणात झोपल्याने गर्भपात होत नाही

‘मांजराचा केस पोटात गेला की गर्भपात होतो, घरातलं मांजर आजच सोडून या’ हा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

गर्भाला असलेला धोका मांजराच्या केसात नाही, विष्ठेत आहे. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी मांजर बहुधा पहिल्या संसर्गानंतरच, १ ते ३ आठवडे, विष्ठेतून टाकतं. ती संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून मांजर शी करतं तो मातीचा ट्रे रोज साफ करायचा. गर्भवतीने नव्हे, घरातल्या दुसऱ्याने. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेल्या भाजीतूनही हाच परजीवी येतो. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

अंथरुणातून खरोखर पसरतात ते गजकर्ण आणि पिसवा. मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले, तर पशुवैद्याकडे न्या आणि बरं होईपर्यंत वेगळं झोपवा. सोलापुरी चादर जाड, नुसती झटकून भागत नाही. गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका (उन्हाची आपल्याकडे वानवा नाही). दमेकऱ्याच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंथरुणात मांजर नकोच.

चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका. रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवून झाला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.