ट्रॅकपॅडचं बिल आणि फुगलेली बॅटरी

ताई, नमस्कार. दुकान माझंच आहे, म्हणून उत्तर मीच देतोय. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की ट्रॅकपॅड चालत नव्हता, आम्ही चार दिवस लॅपटॉप ठेवून घेतला, ३,२०० रुपये लावले आणि ट्रॅकपॅड मात्र जुनाच आहे. वर भाचा म्हणाला, एक बटण दाबलं असतं तर काम झालं असतं.

आधी आमची चूक सांगतो. बिलावर नुसतं ‘ट्रॅकपॅड रिपेअर’ लिहिलं. बदलली होती बॅटरी. मग पैसे कशाचे, असं कुणालाही वाटेल. बदलण्याआधी तुम्हाला फोन जायला हवा होता. काउंटरवरच्या मुलाला वाटलं मी केला, मला वाटलं त्याने केला.

भाचा एरवी बरोबर आहे. फंक्शन कीबरोबर वरच्या ओळीतलं ट्रॅकपॅडचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं जातं आणि ट्रॅकपॅड बंद होतो. कधी सेटिंगच अशी असते की माउस जोडला की ट्रॅकपॅड बंद. बिनवायरच्या माउसचा इवलासा डोंगल (यूएसबीत खोचायचा तुकडा) बाजूला तसाच राहतो आणि माणूस बोट घासत बसतो. असे लॅपटॉप आम्ही उभ्या उभ्या चालू करून देतो, पैसे घेत नाही. तुमच्या लॅपटॉपचं हे सगळं तुमच्यासमोर पाहिलं होतं, ड्रायव्हरही, म्हणजे ट्रॅकपॅड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकला होता.

तुम्ही गेल्यावर लॅपटॉप मिटून काउंटरच्या काचेवर ठेवला, तर तो डुगडुगायला लागला. ट्रॅकपॅडची कड शेजारच्या पत्र्याच्या वर आलेली, दाबला तर ‘टक’ आवाजच नाही. खालचं झाकण काढलं आणि बॅटरी पुरीसारखी टम्म! या मॉडेलमध्ये ती बरोबर ट्रॅकपॅडखाली असते. लिथियम बॅटरी खराब झाली की आत गॅस धरतो. ती फुगून ट्रॅकपॅडला खालून रेटत होती, मग क्लिक व्हायला जागा कुठली? बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर लॅपटॉप चालू केला, ट्रॅकपॅड लगेच चालला. (तुम्ही म्हणाला होतात, चार्जर दिवसरात्र लावलेलाच असतो. सतत फुल चार्ज आणि वर उष्णता, याने बॅटरी लवकर जाते.)

तीच बॅटरी परत बसवून मी देणार नव्हतो. फुगलेली बॅटरी दाबली गेली, टोचली गेली तर पेट घेऊ शकते. त्यासाठी आणखी दहा जणांनी एक स्टार दिला तरी चालेल.

चार दिवसांतले दोन बॅटरी यायला गेले, एक रविवार, एक नवी बॅटरी पूर्ण चार्ज करून उतरवून बघण्यात. हेही तेव्हाच सांगायला हवं होतं.

बॅटरीचे २,७०० आणि मजुरी ५००, असं नवीन बिल करून ठेवलंय. न विचारता काम केलं, म्हणून मजुरी परत देतो. जुनी बॅटरी वाळूच्या डब्यात ठेवली आहे, शनिवारी ई-कचऱ्यात जाईल. त्याआधी येऊन बघा, भाच्यालाही आणा.