खिडकी, मोती आणि रिकामी भिंत : एवढ्यावरून व्हर्मीर ओळखता येत नाही

सतराव्या शतकातील डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचे चित्र कसे ओळखावे, याची एक ‘सोपी युक्ती’ हातोहात फिरते आहे. डावीकडे खिडकी, तिच्यापाशी एकटी स्त्री, निळा-पिवळा पोशाख, कानात मोती आणि मागे रिकामी भिंत एवढे दिसले की डोळे मिटून व्हर्मीर म्हणावे. कुंचल्याचे काम न्याहाळत बसू नये, कारण तो कॅमेऱ्यातून (त्या काळच्या, भिंगातून समोरचे दृश्य आत पाडणाऱ्या अंधाऱ्या पेटीतून) पडलेली प्रतिमा गिरवत असे. आणि खऱ्या जाणकाराला तर हे सारे एका नजरेत कळते, असा तिचा आशय आहे. यातला प्रत्येक मुद्दा ऐकताना पटतो आणि प्रत्येकात कुठे ना कुठे खोट आहे.

खिडकीपाशी उभी असलेली स्त्री ही व्हर्मीरची मक्तेदारी नव्हे. पीटर द होख हा त्याचा समकालीन, काही वर्षे व्हर्मीरच्या डेल्फ्ट गावातच राहणारा. गेरार्ड टेर बोर्ख आणि गाब्रिएल मेत्सू हेही त्याच काळातले. पत्र वाचणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या, घरकामात गढलेल्या स्त्रिया या सगळ्यांनीच रंगवल्या. विषयावरून कर्ता ठरवण्याच्या या सवयीने काय गोंधळ झाला, ते जुन्या नोंदींत दिसते. व्हिएन्नामधले व्हर्मीरचे ‘चित्रकला’ हे चित्र 1813 साली विकले गेले ते द होखचे म्हणून. फ्रेंच समीक्षक तोरे-ब्युर्जे याने 1866 मध्ये व्हर्मीरच्या नावावर सत्तरहून अधिक चित्रे मांडली. आज ती संख्या 37 च्या आसपास धरली जाते. गळालेल्या चित्रांपैकी काही याकोबस फ्रेल नावाच्या चित्रकाराची निघाली, ज्याची आद्याक्षरे दुर्दैवाने व्हर्मीरचीच होती. शिवाय पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातल्या ‘लेस विणणारी’ या जेमतेम वीतभर चित्रात प्रकाश उजवीकडून येतो. युक्ती मानायची तर व्हर्मीरच्या सर्वांत लोकप्रिय चित्रांपैकी एक आपण त्याच्या यादीतून काढून टाकायला हवे!

द होख आणि व्हर्मीर यांच्यातला फरक खिडकीत नाही, खोलीच्या शेवटी आहे. द होख उघड्या दारातून नजर पुढच्या खोलीत, तिथून अंगणात नेतो. व्हर्मीर बहुतेक वेळा नजरेला समोरच्या भिंतीवर थांबवतो आणि त्या भिंतीवर प्रकाश कसा विरत जातो, हेच रंगवतो.

निळ्या-पिवळ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शिसे-कथिलाचा पिवळा त्या काळी सर्रास वापरात होता; लाजवर्द या दगडापासून केलेला निळा महाग असला तरी इतरांनाही मिळत होता. मोत्याचे मात्र जवळून पाहावे. ‘मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी’ या हेगमधल्या चित्रातल्या त्या मोत्याला बाह्यरेषा नाही आणि तो कानात अडकवणारी कडीही रंगवलेली नाही. वर डावीकडे जाड पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, खाली पांढऱ्या कॉलरचे पुसट प्रतिबिंब, आणि मधला सगळा गोलावा आपला डोळा भरून काढतो. खूण मोती ही नव्हे. वस्तूची कड न आखता केवळ प्रकाशाच्या दोन नोंदींवर ती उभी करणे, ही खूण आहे.

रिकाम्या भिंतीचा मुद्दा सर्वांत बळकट वाटतो आणि तोच सर्वांत आधी कोसळतो. ड्रेस्डेनमधले ‘उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणारी मुलगी’ हे चित्र 1742 मध्ये विकत घेतले गेले ते रेम्ब्रांचे समजून. तिच्या मागच्या उघड्या भिंतीत अनेकांना खास व्हर्मीरची शांतता दिसत आली. त्या भिंतीखाली कामदेवाचे मोठे चित्र असल्याचे 1979 च्या क्ष-किरण तपासणीत दिसले, पण ते व्हर्मीरनेच झाकले असावे असे गृहीत धरले गेले. 2017 नंतरच्या संवर्धनकामात उघड झाले की तो वरचा थर व्हर्मीरच्या मृत्यूनंतर काही दशकांनी दुसऱ्या कुणीतरी चढवला होता. तो काढल्यावर 2021 मध्ये कामदेव पुन्हा भिंतीवर दिसू लागला. म्हणजे ज्या शांततेला व्हर्मीरची सही म्हटले गेले, तिच्यात परक्या हाताचाही वाटा होता. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘दूधवाली’ या चित्रात तिच्या डोक्यामागे सुरई टांगण्याची फळी होती आणि ती खुद्द व्हर्मीरनेच रंगाखाली घातली, हे 2022 मध्ये जाहीर झाले. तिथली मोकळी भिंत त्याचीच आहे. पण तिच्यातही एक खिळा, त्याची बारीकशी सावली आणि जुन्या खिळ्यांची भोके त्याने राखून ठेवली आहेत. तेव्हा भिंत रिकामी आहे का, याहून ती कुणी रिकामी केली आणि तिच्यावर काय उरले, हा प्रश्न मोलाचा आहे.

कॅमेऱ्याचा मुद्दा अर्धवट आहे. भिंगातून पडणारी प्रतिमा व्हर्मीरने पाहिली असणे शक्य आहे. पण त्याच्या मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची जी यादी झाली, तीत असे उपकरण नाही. उलट, अनेक चित्रांत यथादर्शनाच्या, म्हणजे खोलीचा आभास देणाऱ्या रेषा जिथे मिळतात तिथे टाचणीचे भोक सापडले आहे. तिथून दोरा ताणून रेषा आखण्याची ती जुनी पद्धत. ‘दूधवाली’मधल्या पावावरचे प्रकाशाचे दाणे भिंगाचा पुरावा म्हणून दाखवले जातात. मात्र भिंगातून असे गोल ठिपके चकाकत्या किंवा ओल्या वस्तूंवर दिसतात. पावाचे कवच तर कोरडे, खरखरीत असते. ते दाणे गिरवलेले नसून ठरवून ठेवलेले आहेत, आणि म्हणूनच कुंचल्याचे काम पाहणे टाळता येत नाही.

राहिला एका नजरेत ओळखणारा जाणकार. 1937 मध्ये अब्राहम ब्रेडियस या 82 वर्षांच्या मान्यवर अभ्यासकाने ‘एमाउस येथील भोजन’ हे चित्र व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हणून जगापुढे आणले आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी ते मोठ्या रकमेला घेतले गेले. ते हान व्हान मेगेरेन याने नुकतेच रंगवलेले होते. त्याने रंगात कृत्रिम राळ मिसळून चित्र भट्टीत कडक केले होते. त्यात डावीकडून येणारा प्रकाश होता, निळे-पिवळे कपडे होते, पांढरी सुरई होती आणि पावावरचे दाणेही होते. फिरत्या युक्तीतल्या खुणांची यादी बनवेगिरी करणाऱ्याच्याच जास्त कामाची, हे यावरून दिसते. जड पापण्यांचे ते चेहरे आज पाहणाऱ्याला 1930 च्या दशकातलेच वाटतात, पण तेव्हा हे कुणाच्या लक्षात आले नाही. व्हान मेगेरेन 1945 मध्ये पकडला गेला तो अशाच एका ‘व्हर्मीर’ची विक्री नाझी नेता गोरिंगला झाल्याच्या प्रकरणात. अस्सल व्हर्मीर शत्रूला विकल्याच्या आरोपातून सुटायला, आपणच ते रंगवले हे पटवण्यासाठी त्याला पहाऱ्यात आणखी एक चित्र काढून दाखवावे लागले.

आजही प्रयोगशाळा हाताशी असताना एकमत होतेच असे नाही. ‘बासरी घेतलेली मुलगी’ हे आपल्याच संग्रहातले छोटे चित्र व्हर्मीरचे नाही, असे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने 2022 मध्ये जाहीर केले. चेहऱ्याच्या सावल्यांतला हिरवट रंग व्हर्मीर वापरत असे तोच, पण लावणारा हात अडखळणारा, हे त्यामागचे एक कारण होते. काही महिन्यांनी, 2023 मध्ये, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने व्हर्मीरचे मोठे प्रदर्शन भरवले आणि तेच चित्र व्हर्मीरच्या नावाने भिंतीवर लावले.