नुसती नावं हवीत

काल रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खजिनदार काकांचा मेसेज आला: "कागदपत्रांची यादी निरुपयोगी आहे. संबंधितांनी पुन्हा करावी." संबंधित म्हणजे मी. खाली भराभर अंगठे उमटले, त्यातला एक माझ्या सख्ख्या बायकोचा.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, पुनर्विकासाच्या वाटेवर. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली निघालेल्या, पुनर्विकासाचे नियम सांगणाऱ्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाची प्रत काकांनी लॅमिनेट करून घेतली आहे, यावरून काय ते समजा. पीएमसीने, म्हणजे पुनर्विकासासाठी नेमलेल्या सल्लागार कंपनीने, सभासदांच्या स्कॅन केलेल्या कागदांची यादी मागितली आणि "तू कॉम्प्युटरमधलाच ना रे?" एवढ्यावर मला धरलं.

रविवारी काका खुर्ची ओढून माझ्या मागेच बसले. बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे दुसऱ्याच्या खांद्यावरून आकडे तपासायची सवय. मी टर्मिनल, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी, उघडून यादी काढली. 'स्कॅन/बी-विंग/३०२/शेअर सर्टिफिकेट.पीडीएफ' अशा ओळी धडाधड खाली आल्या.

"ह्या तिरक्या रेघा कसल्या?"

"काका, तो फाइलचा पत्ता आहे. कुठल्या फोल्डरमध्ये..."

"पत्ता आम्हाला ठाऊक आहे, आम्ही इथेच राहतो. नुसती नावं हवीत."

नुसत्या नावांसाठी 'बेसनेम' नावाची कमांड आहे. शेवटच्या तिरक्या रेघेपर्यंतचं सगळं ती कापते आणि उरेल ते दाखवते. सांगितलं तर मागचं '.पीडीएफ'सुद्धा छाटते. अशी फाइल मुळात आहे का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. अक्षरं द्या, कापून घ्या, निघा. इतकं कामापुरतं बोलणारं आमच्या कमिटीत कुणी असतं तर एव्हाना नवी बिल्डिंग उभी राहिली असती.

आधी एकाच फाइलवर करून दाखवायला गेलो. काका कानाशी अखंड बोलत होते, त्यात फाइलच्या नावाभोवतीची अवतरणचिन्हं राहिली. स्क्रीनवर उमटलं: 'शेअर'.

"शेअर? कुठल्या कंपनीचे?"

आता सांगायचं कसं! 'शेअर' आणि 'सर्टिफिकेट' यांच्यामध्ये मोकळी जागा, आणि त्यांना एकत्र बांधणारी अवतरणचिन्हं नाहीत, म्हणून कमांडला ती दोन वेगळी नावं वाटली. दुसरं नाव म्हणजे छाटायची शेपटी, अशी तिची समजूत. ती शेपटी पहिल्याला नव्हतीच, म्हणून 'शेअर' तसाच परत. फायलींना नावं कुणी दिली होती? काकांनी.

"काका, नावात अशी जागा सोडली की घोळ होतो."

"मुंबईत जागा सोडायची नाही, हे तू मला शिकवणार? अठ्ठ्याहत्तर साली ह्याच जागेसाठी..." आणि तिथून जी गाडी सुटली ती पागडी, रॉकेलची रांग आणि कुणा मेहुण्याची दगाबाजी अशी स्टेशनं घेत गेली. मेहुण्याचं नाव मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. 'तो डोंबिवलीचा'.

तसं या शहरात नाव विचारतं कोण? वॉचमन, दूधवाला, कुरियरवाला, सगळ्यांसाठी मी '३०२'. लिफ्टमध्ये रोज हसणारे गृहस्थ '४०४'. मुलुंडला राहतो म्हटलं की पुढचा प्रश्न 'पूर्व की पश्चिम?'

असो. अवतरणचिन्हं घातली, सगळ्या फायली एका दमात घेण्यासाठी '-ए' जोडला आणि यादी झाली. आधार, पॅन, वीजबिल, शेअर सर्टिफिकेट. पुन्हा आधार, पॅन, वीजबिल, शेअर सर्टिफिकेट. पानंच्या पानं. प्रत्येक फ्लॅटच्या फोल्डरमध्ये त्याच नावाच्या फायली, दुसरं होणार काय? मी तोंड उघडलं, पण काका खूश होते. "आता कशी स्वच्छ दिसते!" म्हणाले आणि तडक पीएमसीला पाठवली. तिथल्या बाईंनी विचारलं, "यातलं कुठलं आधार कोणाचं?" आणि मग ग्रुपवर तो मेसेज.

मेंटेनन्स थकला तर व्याज लावायची सोय उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत आहे. सभासदाचा रविवार खाल्ला तर किती, यावर उपविधी गप्प. साधा चहासुद्धा मीच पाजला होता.

आज सकाळी काका दारात हजर. "नावाच्या आधी विंग, मग फ्लॅट नंबर, असं काही करता येईल का?"

मी एक अक्षर न बोलता पहिली यादी उघडून समोर धरली. काकांनी चष्मा वर केला, बोटाने दोन-चार ओळी वाचल्या.

"हं! आता कळलं तुला मी काय म्हणत होतो ते. फक्त ह्या तिरक्या रेघा तेवढ्या काढ."