‘नशा न्हाई तर रॅप न्हाई’ म्हणणाऱ्या रीलला उत्तर

‘भावा, नशा न्हाई तर रॅप न्हाई.’ रंकाळ्याच्या कट्ट्यावर चित्रित केलेलं हे रील सध्या कोल्हापुरातल्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतंय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: धूर-दारूशिवाय लेखणी चालत नाही. सोडायचीच तर मर्दासारखी, खोलीला कडी लावून एका दिवसात सोडायची. दवाखान्यात गेलं की पोलीस केस होते. सोडल्यावर सगळ्यांची नावं घेऊन ‘खरं’ गाणं काढायचं, आणि तेही मुंबईच्या स्टुडिओत, कारण इथं काही होत नाही. यातल्या एका सल्ल्यानं जीव जाऊ शकतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘कडी लाव आणि एका दिवसात सोड’

नशा कशाची आहे, हा पहिला प्रश्न. रीलवाल्यानं तो विचारलेलाच नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं ती अचानक थांबवली तर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. 48 ते 96 तासांच्या टप्प्यात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी पळते. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. दारू मेंदूला दाबते आणि तिच्याशी जुळवून घेताना मेंदूनं आपली उत्तेजना वाढवून ठेवलेली असते. दारू एकदम बंद झाली की ती उत्तेजना मोकाट सुटते. म्हणून डॉक्टर काही दिवस डायझेपाम, लोराझेपामसारखं औषध देतात आणि डोस रोज थोडा थोडा उतरवतात. बंद खोलीत फिट आली तर कडी काढणार कोण?

गल्लीत आणखी एक उद्योग चालतो. पोरगं गळालंय म्हणून ओळखीच्या कुणाला तरी बोलावून घरीच ग्लुकोजची सलाईन लावतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, बहुतेक वेळा आधीच कमी असतं. ग्लुकोज पचवायला तेच लागतं. उरलंसुरलं संपलं की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत दिलं जातं. चहा-आमटीतून गुपचूप द्यायच्या पुड्यांपासूनही लांब राहा. त्यात डायसल्फिराम असलं आणि माणूस वर दारू प्याला, तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो. हे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

‘बटनां’चं, म्हणजे नायट्राझेपाम-अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचं, दारूसारखंच आहे. रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केल्या की फिट येऊ शकते. डोस काही आठवडे, कधी महिने घेऊन उतरवावा लागतो. कोडीनचं खोकल्याचं औषध सोडताना सहसा जीव जात नाही, पण अंगदुखी, जुलाब आणि बेचैनी इतकी होते की पोरगं दोन-चार दिवसांत परत बाटलीकडे वळतं. त्यातून महिनाभर लांब राहून पुन्हा घेणाऱ्याला खरा धोका असतो. शरीराची सवय मोडलेली असते, हात मात्र जुन्याच मापाला जातो, आणि श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो.

गांजाचं त्या मानानं सोपं आहे. एक ते तीन दिवसांत चिडचिड सुरू होते, भूक मरते, झोप उडते. पहिल्या आठवड्यात त्रास सगळ्यात जास्त, साधारण दोन आठवड्यांत उतार. झोपेची घडी बसायला आणखी वेळ लागतो. ‘गांज्याची सवय लागत न्हाई’ म्हणणाऱ्यांनी कुणाचा तरी तो पहिला आठवडा जवळून बघावा.

‘दवाखान्यात गेलास की केस’

खोटं आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक त्रासालाही मानसिक आजारच मानतो आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम 64अ तर सेवनाची केस अंगावर असलेल्यालाही, तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर खटल्यापासून संरक्षण देतं. आपल्याकडे सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. आधी फोनवरच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446, दोन्ही मोफत. खासगी केंद्र निवडताना तीन गोष्टी विचारा: नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो, आणि घरच्यांना भेटू देतात का. मारहाण किंवा साखळी दिसली तर तिथं पोराला ठेवू नका, मग फी कितीही कमी असो.

‘धुराशिवाय लेखणी चालत नाही’

अमेरिकन रॅपर एमिनेम 20 एप्रिल 2008 पासून नशामुक्त आहे. त्यानंतर लिहिलेल्या, 2010 साली आलेल्या अल्बमला पुढच्या वर्षी सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. दुसऱ्या बाजूला तिथलेच रॅपर: लिल पीप 21 व्या वर्षी, मॅक मिलर 26 व्या वर्षी आणि ज्यूस वर्ल्ड पुन्हा 21 व्या वर्षी गेला. तिघांच्याही मृत्यूचं कारण गोळ्या-ड्रग्जचा ओव्हरडोस. नावं मोठी म्हणून दाखला दिला. मुद्दा सिद्ध व्हायला त्यांची गरज नाही, ठरावीक वेगानं ठोके देणारा मेट्रोनोम पुरतो.

बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन. 90 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांच्या, बीटवर 16 बार म्हणजे 64 ठोके, जवळजवळ 43 सेकंद. एका बारमध्ये बारीक बारीक 16 जागा, म्हणजे सेकंदाला 6 उच्चार. गांजानं वेळेची जाणीव ताणली जाते आणि तात्पुरती स्मरणशक्ती ढिली पडते. मग शब्द ठोक्याच्या मागे पडतात, पुढच्या बारची ओळ विसरते, आणि कान बधिर असल्यानं तोच टेक भारी वाटतो. रात्रीचा टेक सकाळी कोऱ्या डोक्यानं, मेट्रोनोम लावून ऐका. स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर पडायला हवा तो शब्द कुठं पडलाय ते लगेच कळतं.

श्वासाचंही तसंच. दोन बार म्हणजे 5.3 सेकंद, चार बार म्हणजे 10.7. नवख्यानं दर दोन बारला श्वासाची खूण कागदावरच करावी. पोवाड्यात झीलकरी ओळ उचलतात तेवढ्यात शाहीर दम घेतो. रॅपमध्ये ते काम डबल ट्रॅकवरचा, म्हणजे त्याच ओळी दुसऱ्यांदा रेकॉर्ड करून जोडलेला, आवाज करतो. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात ही युक्ती बाहेरून शिकायची गरज नाही.

एक मात्र रीलवाल्याचं अर्धं खरं आहे. सोडल्यावर पहिले काही आठवडे लिखाण खरंच अडतं. झोप नाही, लक्ष लागत नाही, कशातच मजा वाटत नाही. याचा अर्थ प्रतिभा गेली असा नाही. मेंदू जागेवर येतोय. तेवढे दिवस नवं लिहायचा हट्ट सोडा, जुनी आठ बार 80 बीपीएमवर घोका, बसली की दर दोन दिवसांनी चार-पाचनं वाढवा. आणि ही तालीम दिवसा करा, कारण तलफ बहुतेकांना जुन्या वेळेलाच, रात्री येते.

‘नावं घेऊन सगळं उघड सांग, तेच खरं गाणं’

नावं घेतल्यानं गाणं खरं होत नाही, अब्रुनुकसानीची नोटीस मात्र येऊ शकते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमात नवव्या पायरीवर दुखावलेल्यांची भरपाई करायला सांगितलंय, पण ज्यानं त्यांना किंवा इतरांना इजा होईल ते सोडून. गाण्यालाही ही अट लावून बघा. नाव स्वतःचं घ्या, बाकीच्यांच्या नावाऐवजी त्यांची एखादी वस्तू गाण्यात आणा.

‘अंधारात हरवलो, काळीज जळालं’ हे कुणीही, काहीही न भोगता लिहू शकतो. त्याऐवजी हे बघा:

तांदळाच्या डब्यात आईनं ठेवल्या नोटा
दोन मी काढल्या, म्हटलं तुझाच हिशेब खोटा

बोलताना दोन्ही ओळींत बारा-बारा उच्चार. 16 पैकी चार जागा रिकाम्या, त्यातली एक ‘काढल्या’नंतर ठेवा, म्हणजे पुढचं खोटं उघडं पडतं. ‘नोटा’ आणि ‘खोटा’ चौथ्या ठोक्यावर. गुन्हा कुणाचा हे वेगळं सांगावं लागलं नाही. गाणं बाहेर काढण्याआधी ते आईला ऐकवा. ती नको म्हणाली तर डबा बदला.

‘इथं काही होत नाही, मुंबईला जा’

साधा ऑडिओ इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारा डबा), डायनॅमिक माईक, एक्सएलआर केबल, स्टँड, पॉप फिल्टर (‘प’-‘फ’ची फुंकर अडवणारी जाळी) आणि बंद कानांचा हेडफोन, सगळं मिळून साधारण 10 ते 15 हजार. राजारामपुरीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कंडेन्सर माईक घेऊ नका. तो रस्त्यावरची बुलेटही टिपतो. गाणाऱ्याच्या पाठीमागं दोरीवर दोन जाड वाकळा टाका, कारण माईकच्या तोंडासमोर येतो तो मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी. पंखा बंद. माईक वीतभर अंतरावर, पॉप फिल्टर मध्ये. रेकॉर्डिंग 24 बिटवर ठेवा, आणि सगळ्यात मोठ्या ओळीला मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ नये. आवाज एकदा फाटला की मिक्सिंगमध्ये तो शिवता येत नाही. बीट स्पीकरवर लावून रेकॉर्ड केलं तर ती माईकमध्ये शिरते आणि मग आवाज स्वच्छ वेगळा काढता येत नाही, नवख्यांची बरीच गाणी इथंच वाया जातात.

यूट्यूबवर ‘फ्री’ लिहिलेली बीट बहुतेक वेळा फक्त कमाई न करणाऱ्या वापरासाठी मोफत असते. तीच बीट शंभर जणांनी वापरलेली असते आणि त्यातल्या एकानं आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या नक्कल पकडणाऱ्या यंत्रणेत, टाकलं की दावा तुमच्या गाण्यावर येतो. म्हणून बीट भाड्यानं घ्या, परवान्यात किती स्ट्रीमपर्यंत आणि व्हिडिओला चालते का हे वाचा, आणि ती पीडीएफ व पैसे भरल्याची पावती गाण्याच्या फोल्डरमध्येच ठेवा. दाव्याला उत्तर देताना तीच जोडायची असते.