ब्रिगिटे मीराला घडवलं कोणी?

जर्मन नटी ब्रिगिटे मीरावरून वाद पेटला, तो अण्णांच्या एका वाक्यानं. "दिग्दर्शक फासबिंडर नसता तर या बाईला कोणी विचारलं नसतं!"

आदल्या रात्री मास्तरांकडे आम्ही फासबिंडरचा ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ (भीती आत्मा खाते) पाहिला होता, १९७४ चा. म्युनिकमधली साठीची विधवा एमी (हीच मीरा), धुणीपुसणी करणारी, आणि तिच्याहून कितीतरी लहान मोरोक्कन कामगार अली, यांच्या लग्नाची गोष्ट.

मास्तर उसळले. "कोणी विचारलं नसतं? बाईचा जन्म १९१० चा, हॅम्बुर्गचा. एमी साकारली तेव्हा साठी उलटलेली. त्याआधी वर्षानुवर्षं ऑपेरेटात, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकांत, गायली, कॅबरेत लोकांना हसवलं. दिग्दर्शक तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. तिनंच त्याला वाचवलं म्हणा!"

"मग जर्मनीचा मोठा चित्रपट पुरस्कार एमीसाठीच कसा मिळाला?" अण्णा काही हटेनात.

ताई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "पहिला प्रसंग आठवा. पावसामुळे ती बारमध्ये शिरते. सगळे वळून बघतात. ती दाराजवळच्या टेबलाशी बसते आणि कोला मागवते. काहीच घडत नाही, पण आपला जीव कासावीस होतो. किती वेळ थांबायचं, नजर कधी खाली घालायची, हे हसवणाऱ्या नटीलाच कळतं. लोकांना हसवून हसवून तिनं ते कमावलंय."

मला हे शंभर टक्के पटलं. विनोदी नटांना आपण कायम खालच्या पायरीवर बसवतो.

मग अण्णांनी दुखरी नस दाबली. "आणि युद्धातल्या त्या प्रचारफिती? ‘लीझे उंड मीझे’?"

कट्टा शांत झाला. १९४३-४४ मध्ये नाझींनी त्या छोट्या फिती काढल्या होत्या. लीझे आदर्श नागरिक, आणि मीझे सरकारला नको ते सगळं करणारी. मीझे होती मीरा. तिचे वडील रशियातून आलेले ज्यू पियानोवादक. ते लपवूनच ती काम करत होती. ताई हळूच म्हणाली, "जिवाची भीती असेल तर माणूस काय काय करतं." अण्णा म्हणाले, "तरी केलं ते केलंच." दोघांचंही खरं आहे, आणि मला त्यात निवाडा करवत नाही.

पण त्याच बाईनं तीस वर्षांनी एमीच्या तोंडून काय म्हटलं ते ऐका. मी नाझी पार्टीत होते, सगळेच होते, असं ती अलीला सांगते, घरातली जुनी गोष्ट सांगावी तसं. लग्नानंतर त्याला जेवायला नेते ते हॉटेल कुठलं, तर हिटलर जिथं जेवायचा ते. किती खुशीत असते ती! तिथं ऑर्डर देताना वेटर विचारतो, मांस कितपत शिजवलेलं हवं, आणि तिची अशी तारांबळ उडते की पाहवत नाही. भोळेपणा आणि आंधळेपणा एकाच चेहऱ्यावर. हे कोणी शिकवून येत नाही, तिनं तो काळ अंगावर काढला होता.

"आणि बर्लिनमधल्या लोकांना विचारा," मास्तर म्हणाले, "१९७७ ते १९९१ ती ‘द्राय डामेन फॉम ग्रिल’ मालिकेत सॉसेजच्या गाडीवरची आजी होती. घराघरातली आजी!"

"मालिका वेगळी, सिनेमा वेगळा," अण्णा पुटपुटले.

"बाई तीच ना पण?" ताईनं विचारलं.

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "मास्तर, तो हॉटेलचा प्रसंग आज परत लावा. मला तिचा चेहरा नीट बघायचाय."