झोपेत पाहिलेला चंद्र

"ह्याला गोष्ट म्हणायचं?" चहा यायच्या आधीच पम्या सुरू झाला. "नासाची दोन माणसं शाळेत येतात, चौथीतल्या पोराला बाजूला घेऊन सांगतात, चांद्रयान चुकून लहान बांधलं गेलंय, आता तूच जा. इथवर झकास. पण मग चंद्र राहतो बाजूला आणि टीव्हीवर काय लागायचं, आम्ही काय खेळायचो, आई काय करायची हेच चालू. नुसती यादी!"

वाद दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटरच्या 'अपोलो १०½' ह्या सिनेमाचा. २०२२चा ॲनिमेशनपट, नेटफ्लिक्सवर आला. १९६९चं ह्यूस्टन, नासाच्या जिवावर उभं राहिलेलं उपनगर आणि सहा भावंडांतला शेंडेफळ स्टॅन. सगळ्यांच्या मागे लागून तो बघायला लावला मीच, तेव्हा खिंडही मलाच लढवायची होती.

माझ्या मते ती यादी हाच सिनेमा आहे. डीडीटी फवारणारी गाडी आली की पोरं सायकली काढून त्या धुरात घुसतात. पिकअपच्या उघड्या हौद्यात बसून हायवेने समुद्रावर जातात. शाळेत लाकडी फळीचे फटके खातात. वडील नासात, पण मालाच्या आवक-जावकीच्या खात्यात. अंतराळवीरांच्या गावात पोराला ते सांगायला कमीपणा वाटतो. ह्यातलं काहीच निवेदक गोड करून सांगत नाही. असं होतं, एवढंच म्हणतो.

"तेच मला खटकलं," सुमाताई म्हणाल्या. "व्हिएतनाम, काळ्यांचा लढा, सगळं बातम्यांतून येऊन जातं. अपोलो ११ उडायच्या आदल्या दिवशी काळ्यांच्या लढ्यातले पुढारी राल्फ ॲबरनथी खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीला, यान उडायचं त्या तळावर, गेले होते. लोक उपाशी असताना चंद्रावर पैसा कसला घालता, हे विचारायला. त्या गाडीतल्या पोराचं बालपण कोण दाखवणार?"

प्रश्न रास्त आहे, आणि सिनेमाकडे त्याचं उत्तर नाही. पण दहा वर्षांच्या पोराला युद्ध टीव्हीवरच दिसणार. त्याच्या तोंडी आजचं शहाणपण घातलं असतं तर ते मला जास्त खोटं वाटलं असतं. ताईंना हे पटलं नाही.

मास्तरांची शंका वेगळीच. "नटांकडून काम करून घेऊन वरून चित्रं काढायची, तर मग सरळ सिनेमाच का नाही काढला?" लिंकलेटरने हे तंत्र 'वेकिंग लाइफ'मध्ये २००१लाच वापरलं होतं. ह्या वेळी तर ऑस्करवाल्यांनी आधी ॲनिमेशन म्हणून मानायलाच नकार दिला आणि मग निर्णय फिरवला. मला विचाराल तर सिनेमाचा जीव तिथेच आहे. टीव्हीवर प्रत्यक्ष दाखवलेलं प्रक्षेपण आणि स्टॅनने मनाने रचलेली मोहीम एकाच रंगात रंगवली आहे. कुठलं खरं घडलं आणि कुठलं त्याच्या डोक्यातलं, हे डोळ्यांना वेगळं काढताच येत नाही.

शेवटाकडचा प्रसंग बघा. २० जुलैची दुपार, यान उतरतं. दिवसभर ॲस्ट्रोवर्ल्ड ह्या करमणुकीच्या बागेत हुंदडून घरची मंडळी परततात. (१९६८ला उघडलेली ती बाग २००५ला बंद झाली, आता चित्रातच बघायची.) आर्मस्ट्राँगचं पाऊल पडतं ते ह्यूस्टनच्या वेळेने रात्री दहाच्या सुमारास, आणि तोवर स्टॅन गाढ झोपलेला. नातवंडांना सांगायला ह्याने बघायला हवं होतं, म्हणून बाप हळहळतो. आई म्हणते, झोपला असला तरी पुढे त्याला वाटेलच की आपण सगळं पाहिलं.

इतका वेळ गप्प बसलेले अण्णा सरसावले. "अरे, माझं तेच झालंय! आपल्याकडे तेव्हा सकाळ होती. मुंबईत टीव्ही आला १९७२ला, म्हणजे मी रेडिओवरच ऐकलं असणार. पण विचारलं तर मी शपथेवर सांगेन, शिडीवरून उतरताना पाहिला त्याला."

"रेडिओ कोणाकडे होता, अण्णा?" सुमाताई.

"मालकांकडे. आम्ही सगळी पोरं त्यांच्या ओसरीवर."

"सगळी?"

अण्णा थांबले. "धुणंवाल्या बाईंचा पोरगा अंगणात होता. त्याला वर घेत नसत."

"मग त्याचं सांगा की!" सुमाताई म्हणाल्या, आणि पम्यानेसुद्धा बाक ओढून पुढे घेतला.